पोतं उलटण्याआधीचा श्वास

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या रुग्णालयात सगळे मला डॉक्टरसाहेबच म्हणतात आणि ते दुरुस्त करणं मी केव्हाच सोडून दिलं आहे. मी भौतिकशास्त्राचा माणूस. कर्करोगाच्या रुग्णाला किरणं द्यायची, तर ती किती, कुठून आणि कुठपर्यंत जातील याचं गणित मांडणं हे माझं काम. त्यातलं ‘कुठपर्यंत’ सगळ्यात नाजूक. किरणांना चांगलं-वाईट कळत नाही, वाटेत जे येईल त्याला ती लागतात.

डाव्या स्तनावर उपचार करताना वाटेत येतं हृदय. वर्षानुवर्षं आम्ही ते जमेल तेवढं वाचवत आलो. मग संशोधनातून एक विलक्षण साधी गोष्ट पुढे आली. बाईने छाती भरून श्वास घेतला आणि वीसेक सेकंद धरून ठेवला, की फुगलेल्या फुप्फुसामुळे हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकतं. तेवढ्या वेळात किरणं द्यायची, थांबायचं, पुन्हा श्वास. नवं औषध नाही, नवी चिरफाड नाही, नुसती हवा. एका परिषदेत मी हे सविस्तर ऐकलं आणि इतका खूश झालो, की परतीच्या विमानात शेजारच्या अनोळखी गृहस्थांनाही श्वास धरायला लावला. त्यांनी धरला. बहुधा घाबरून.

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी माझं सगळं भाषण शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आपल्याकडच्या बायकांना जमेल हे?”

“श्वास घेणं सगळ्यांनाच जमतं, मॅडम.”

हे वाक्य त्यांनी मला पुढे पुष्कळदा ऐकवलं.

श्वास केव्हा घ्यायचा, केव्हा धरायचा, हे रुग्णाला स्पीकरवरून सांगावं लागतं. कॉलेजात मी नाटकांतून कामं केली आहेत, आणि आपला आवाज वाया गेला अशी खंत मी कित्येक वर्षं बाळगून होतो. ही भूमिका मी दुसऱ्या कोणाला देणं शक्यच नव्हतं. मनीषनगरच्या आमच्या घरी रेल्वेचा भोंगा ऐकू येतो, म्हणून कपड्यांच्या कपाटात शिरून, साड्यांच्या मधोमध उभं राहून मी रेकॉर्डिंग केलं. “आता… दीर्घ श्वास घ्या… रोखून धरा…” बाहेरून बायको म्हणाली, “कपाटात शिरून कोणाला श्वास घ्यायला सांगून राहिले तुम्ही?” बाकी आवाज उत्तम आला होता.

या पद्धतीसाठी आम्ही निवडलेली पहिली रुग्ण भिवापूरची होती. साधारण माझ्याच वयाची. शस्त्रक्रिया झालेली, केमो संपलेली, डोक्यावर नुकते बोटभर केस आलेले. तिचं हृदय छातीच्या भिंतीला अगदी चिकटून बसलेलं होतं आणि केमोच्या औषधांनी ते आधीच दमलेलं होतं. त्यावर आणखी किरणं पडू द्यायची नव्हती. मॅडमनी सोमवारी स्पष्ट सांगितलं, “गुरुवारी हिचं नियोजनाचं स्कॅन. तोपर्यंत श्वास धरायला शिकली तर ठीक, नाही तर जुन्या पद्धतीने करू. उपचार लांबवता येणार नाहीत.”

म्हणजे माझ्याकडे तीन दिवस होते.

सरावासाठी तिला स्कॅनच्या टेबलावर झोपवलं. पोटावर एक हलकी डबी ठेवली. कॅमेरा त्या डबीकडे बघतो आणि काचेपलीकडच्या आमच्या पडद्यावर श्वासाची रेघ उमटते. श्वास घेतला की रेघ चढते, आणि धरून ठेवला की वर सपाट चालते. ती सपाट रेघ वीस सेकंद मिळाली की आमचं काम झालं.

स्पीकरवर माझा आवाज घुमला. रेघ सुरेख चढली.

“रोखून धरा…”

“हो जी,” ती म्हणाली, आणि रेघ खाली कोसळली.

मी आत गेलो. “ताई, उत्तर द्यायचं नाही. फक्त धरायचा.”

“हो जी.”

“हे आत्ताचं चालेल. स्पीकर बोलेल तेव्हा नाही.”

“हो जी.”

दुसऱ्या खेपेला “हो जी”. पाचव्या खेपेलाही “हो जी”. तो टेपवरचा आवाज आहे, तिथे कोणी माणूस नसतो, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, “आवाज तं तुमचाच हाय न जी.”

मंगळवारी तिने पक्कं ठरवलं होतं. बोलली नाही, पण मान डोलावली, आणि मानेबरोबर छाती हलली. बुधवारी सकाळी मान स्थिर ठेवली, ओठ घट्ट मिटले, आणि ऐन मोक्याला नाकातून “हं” आलं. तेवढ्यानेही रेघ घसरते. मी इतका हताश झालो, की टेबलाशेजारच्या स्टुलावर बसूनच विचारलं, “काहून उत्तर देता, ताई?”

“तुमी एवढं चांगलं बोलून राहिले,” ती म्हणाली, “अन् मी दगडासारखी पडून राहू? बरं दिसते का ते?”

मी वाचलेल्या एकाही शोधनिबंधात रुग्णाच्या सभ्यतेबद्दल ओळ नव्हती. मी बाहेर आलो, तर मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या, “तुमचा आवाज फारच प्रेमळ आहे, सर. तीच अडचण आहे.” मला आनंद झाला आणि लगेच लाजही वाटली. काचेपलीकडे त्या बाईचं हृदय पणाला लागलं होतं.

दुपारी बाहेरच्या खुर्च्यांवर तिचा नवरा भेटला. उंच, हाडकुळा माणूस, खांद्यावर दुपट्टा. बायको तीन खुर्च्या सोडून बसली होती आणि दुसऱ्या एका बाईशी गप्पा मारत होती. मी त्याच्या शेजारी बसलो आणि गमतीने विचारलं, “घरी तुमचं तरी गप ऐकून घेते का ही?”

“घरी? घरचं नावच काढू नका जी. सातऱ्यावर ऐकते.”

सातरा म्हणजे मिरची वाळवून निवडण्याचं मोठं आवार. तिकडे हिच्यासारख्या बायका ओळीने बसून मिरच्यांचे देठ खुडतात. हा तिथे पोती वाहायचा आणि त्यांच्यापुढे उलटायचा. पोतं उलटलं की लाल धूळ उठते. तोंडात गेली तर दिवसभर ठसका.

“म्हून उलटायच्या आंधी मी आवाज देतो. पोतं येऊन राहिलं वं, म्हणतो. मंग एक बाई तोंड उघडत नाही. सगळ्या श्वास धरतात. धूळ बसली की मी म्हणतो, झालं.”

“आणि पोतं मोठं असेल तर?”

“तं मोठं पोतं हाय वं, असं म्हणा लागते. त्या तसा भरून घेतात.”

मी मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं. “एकदा म्हणून दाखवा.”

तो आधी लाजला. मग उठला, खांदा तिरका केला आणि बऱ्यापैकी मोठ्याने हाक दिली, “मोठं पोतं हाय वं…”

तीन खुर्च्यांपलीकडे त्याची बायको शेजारणीला काहीतरी सांगत होती. ती वाक्याच्या मधोमध थांबली. छाती वर आली, ओठ मिटले, आणि ती तशीच बसून राहिली. शेजारीण तिच्याकडे बघत होती, मी घड्याळाकडे. वीस झाले. पंचवीस झाले. तो म्हणाला, “झालं.” तिने श्वास सोडला आणि नवऱ्यावर उखडली, “काय करून राहिले तुमी? लोक पाहून राहिले न.”

आपण काय केलं, हे त्या दोघांनाही कळलं नव्हतं. मी मात्र जवळपास पळतच मॅडमच्या खोलीत शिरलो.

गुरुवारी स्कॅनच्या वेळी मॅडमनी विचारलं, “आज कोण बोलणार?”

“आज नट बदललाय,” मी म्हणालो. सांगताना थोडं दुखलं, खोटं कशाला बोलू?

नवऱ्याने दाराबाहेर चपला काढल्या, खुर्ची नको म्हणाला, आणि मायक्रोफोनसमोर उभा राहिला. काचेपलीकडे त्याची बायको टेबलावर पडलेली. आम्ही खूण केली. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

“नाही येऊन राहिलं जी.”

“का?”

“पोतं कुठं हाय इथं?”

कोपऱ्यात धुवायला जायच्या चादरींचं गाठोडं पडलं होतं. मॅडमनी ते स्वतः उचललं आणि त्याच्या खांद्यावर ठेवलं. त्याने ते नीट सावरलं, एक पाय पुढे टाकला. दोन्ही हात गाठोड्यात अडकलेले, म्हणून मॅडम त्याच्या तोंडासमोर मायक्रोफोन धरून उभ्या राहिल्या. मी अनेक रंगमंच पाहिले आहेत, पण नटाची अशी तयारी पाहिलेली नाही.

“मोठं पोतं हाय वं…”

रेघ चढली. वर गेली, आणि सपाट झाली. “हो जी” नाही, मान नाही, “हं” नाही. स्कॅन सुरू झालं. खोलीतल्या सगळ्यांनी आपोआप श्वास धरले होते. गाठोडं घेऊन उभ्या असलेल्या त्यानेही धरला होता. मी तेराव्या सेकंदाला हरलो. ती हरली नाही. स्कॅन संपलं, त्याने गाठोडं खाली टाकलं आणि म्हणाला, “झालं.” मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “हृदय बाहेर आहे किरणांच्या. पूर्ण बाहेर.”

त्याच दिवशी, गाठोड्यासकट, आम्ही त्याचा आवाज रेकॉर्ड करून घेतला. त्याला कामावर परतायचं होतं. पुढचे सगळे दिवस तिच्या उपचारांना तोच आवाज लावला आणि एकदाही रेघ पडली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे श्वास धरणाऱ्या प्रत्येक बाईला सराव सुरू होण्याआधी एक प्रश्न विचारतात: उलट उत्तर न देता तुम्ही कोणाचं ऐकता? एकीने धाकट्या बहिणीचं नाव सांगितलं, एकीने कवायत घेणाऱ्या शाळेच्या बाईंचं. खापरखेड्याच्या एका आजींनी बराच विचार करून सांगितलं, “असं कोणीच नाही बाबा.” त्यांच्यासाठी आम्ही नुसती घंटी ठेवली. माझं कपाटातलं रेकॉर्डिंग अजून संगणकात आहे. आजवर ते कोणी मागितलेलं नाही.

परिषदांमध्ये मी आता हा किस्सा सांगतो. लोक हसतात, मग वह्या काढून टिपून घेतात. संशोधन करणाऱ्यांचा मी ऋणी आहेच. त्यांनी हवेचा उपयोग शोधून काढला. पण ती हवा या बाईच्या छातीत थांबवायला ज्यांनी मला शिकवलं, त्यांची नावं कुठल्या शोधनिबंधात येणार नाहीत, आणि आलेली त्यांना आवडणारही नाहीत.

शेवटच्या दिवशी दोघं आले. जाताना तो दारात रेंगाळला. “मी ज्याच्यासाठी आवाज देला, ते एकदा दाखवता का जी?”

मी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एक नेहमीच्या श्वासाचं, एक धरलेल्या श्वासाचं. “हे तिचं हृदय. इथे भिंतीला टेकलंय. आणि इथे बघा, मध्ये काळी जागा दिसते ना?”

“हे काय हाय?”

“तिनं भरलेला श्वास.”

तो पडद्याजवळ वाकला. त्या काळ्या फटीसमोर करंगळी आडवी धरून त्याने रुंदी मापली. “एवढासाच?”

“एवढाच पुरतो.”

तिला त्या चित्रांत फारसा रस दिसला नाही. स्वतःचं आतलं काही बघायला तिला संकोच वाटत असावा. तिने एकदाच नजर टाकली, फाइल पिशवीत घातली आणि पदर सारखा केला. “चला न जी,” ती नवऱ्याला म्हणाली, “भिवापूरची बस जाईन. उद्या मले सातऱ्यावर जा लागते.”