साहेब येईपर्यंतची कविता

आमच्याकडच्या कार्यक्रमांत कवींना एक ठरलेलं काम असतं. साहेब येईपर्यंत माणसं खुर्च्यांवर बसवून ठेवायची. साहेबांच्या गाड्या दिसल्या की चालू कविता तिथेच थांबते, घोषणा होतात, हारतुरे होतात. अर्धी राहिलेली कविता मग कोणी विचारत नाही. मीही अशा कितीतरी कविता निमूटपणे पर्समध्ये घालून घरी आणल्या आहेत.

त्या वेळी सीमेवर लढाई पेटली होती आणि माझा मुलगा तिथे होता. त्याचा फोन बंद लागत होता. इंदिरानगरच्या मैदानावर जवानांसाठी सभा ठरली. संयोजक सर माझी कविता वाचून म्हणाले, "ताई, यात जोश नाही हो. शेवटी 'लढ बाळा' तरी टाका."

"टाकणार नाही," मी म्हटलं. मला भीती वाटत होती आणि ती मी लपवणार नव्हते.

कविता साधीच होती. तिन्हीसांजेला खेळ थांबवून घरी ये, म्हणून आई मुलाला हाक मारते, एवढीच. मी निम्म्यावर आले आणि फटाके वाजले. साहेब आले! सर मंचाच्या कडेवरून हातानेच 'पुरे, पुरे' करत होते. मी माईक घट्ट धरला, घोषणा ओसरू दिल्या आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. हार झाल्याशिवाय साहेब बसेनात आणि कविता संपल्याशिवाय हार घालता येईना. बिचारे हात जोडून उभे राहिले. ते कवितेच्या मानासाठी उभे आहेत असं समजून अख्खं मैदान उठलं. मला हसू येत होतं, पण कविता पूर्ण करूनच मी खुर्चीवर बसले.

हार पडल्यावर साहेबांनी माईक घेतला. राजकारणात मुरलेला माणूस. म्हणाले, "बघा! ही वीरमाता आपल्या लेकाला सांगतेय, मागे हटू नकोस, लढ!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

वीरमाता म्हणतात ते ज्यांचा मुलगा परत येत नाही त्यांना. साहेबांनी बोलण्याच्या ओघात माझं पोर मारून टाकलं होतं. संताप संताप झाला. सर हात धरत होते, तरी मी उठले आणि साहेबांपुढे हात केला. त्यांनी गोंधळून माईक दिला.

"मी त्याला लढ म्हटलेलं नाही, घरी ये म्हटलंय," मी म्हटलं. "आणि मी वीरमाता नाही. माझा मुलगा जिवंत आहे, साहेब."