चोळून गोल करते

सुरतच्या एका मोठ्या दवाखान्यात बायकोची कंबर दाखवायला गेलो होतो, तेव्हा एक बाई आमच्या शेजारी बसल्या होत्या. साठीच्या, मूळच्या धुळ्याकडच्या, आता सुरतेतच डिंडोली भागात राहणाऱ्या. मांडीवर सात-आठ महिन्यांचा नातू. त्याचं डोकं होडीसारखं लांबट होतं. कुणी पाहिलं, की त्या पदर ओढून ते झाकायच्या.

मी काही विचारलं नव्हतं, त्याच बोलू लागल्या.

"कवटीचे सांधे लवकर जुळून गेले म्हणे. तिसऱ्या महिन्यात आणलं असतं, तर बारीक छेद देऊन दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असतं. आता कवटी उघडावी लागेल."

"पण बरा होईल ना?"

"होईल म्हणतात. पण जखम मोठी, रक्तही चढवावं लागेल." मग त्यांचा आवाज खाली गेला. "सून तेव्हाच म्हणत होती, दाखवून येऊ. मीच अडवलं. म्हटलं, माझ्या पोरांची डोकी मी चोळून गोल केली, याचंही करते."

"सून काही बोलली का?"

"एक शब्द नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं."

तेवढ्यात सून ऑपरेशनची तारीख घेऊन आली. तिने बाळाला उचललं, "आई, चला" म्हणाली आणि सासूला उठायला हात दिला. बाईंनी तो धरला, पण तिच्या तोंडाकडे त्यांना बघवेना.

सुनेला राग नसेल, असं मला वाटत नाही. मुलगा बरा होईपर्यंत तिने राग बाजूला ठेवला असावा, आणि सासूला ते कळत होतं.