सामाईक भिंत

टोरांटोतलं आमचं घर म्हणजे खरं तर एका घराचा काप. इंग्लंडहून आलेल्या कुणा बिल्डरने फार पूर्वी आपल्या देशाच्या पद्धतीने लाल विटांची अख्खी रांग उठवली: एकच लांब छप्पर, पुढे आलेल्या एकसारख्या खिडक्या, आणि दर दोन घरांत मिळून एक भिंत. लांबून राजवाडा वाटतो. आत जिना इतका अरुंद की आमचा सोफा खिडकीतून आणावा लागला. रांग हेरिटेज, त्यामुळे दाराला मनासारखा रंगही लावता येत नाही.

त्या भिंतीचा मला राग होता. पलीकडे एकटी राहणारी म्हातारी शिंकली तरी इकडे ऐकू यायचं. दोन्ही घरांच्या फायरप्लेस त्याच भिंतीत, पाठीला पाठ लावून बांधलेल्या.

मुलगी झाली तेव्हा ठाण्याहून आई आली. भर हिवाळा होता. आईचं पहिलं वैर जडलं ते छतावरच्या धुराच्या अलार्मशी. फोडणी पडली की तो बोंबलायचा आणि बाळ दचकायचं. इथल्या आपल्या लोकांच्या निम्म्या घरांत करतात तेच आम्ही केलं. अलार्म छतावरून उतरवला, बॅटरी काढली आणि चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकला. तो धुराबरोबर विषारी वायूही ओळखतो, हे खोक्यावर लिहिलं होतं. खोकं कोण वाचतंय?

मग आईने धुरीचा विषय काढला. 

"आई, घरात कोळसे अलाउड नाहीत गं इथे."

"मग ही चूल कशाला बांधलीय तुझ्या इंग्रजाने?" तिने बेडरूममधल्या फायरप्लेसकडे बोट दाखवलं.

बार्बेक्यूचे कोळसे छोट्या शेगडीत फुलवून आईने त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकली. न्हालेल्या बाळाला धुरी दिली. खोलीला माहेरचा वास आला. मग शेगडी फायरप्लेसमध्ये सरकवून ती खुर्चीत बसली, मी बाळाशेजारी आडवी झाले. बाहेर बर्फ, खिडक्या घट्ट बंद.

जाग आली ती भिंतीपलीकडच्या पीं-पीं आवाजाने. डोकं ठणकत होतं. म्हातारीने पुन्हा टोस्ट जाळला असणार, असं वाटून मी कूस बदलली. तेवढ्यात भिंतीवर धपाधप बुक्के बसायला लागले आणि पलीकडून म्हातारी ओरडली,

"गेट आउट! गेट द बेबी आउट!"

उठले तर जमीन हलल्यासारखी झाली. बाळाला उचललं. तिचा हात लुळा खाली लोंबला. ती रडली नाही. आईला हाका मारमारून उठवलं. त्या अरुंद जिन्यात दोन्ही बाजूच्या भिंतींना खांदे घासत मी उतरले, मागे आई. मनात एकच होतं: रड गं बाई, रड.

बाहेर अनवाणी बर्फात उभ्या राहिलो. म्हातारीने आपला कोट बाळाभोवती गुंडाळला. आई बाळाचे तळवे चोळत राहिली, चोळत राहिली, आणि मग बाळ रडलं. मी तिथेच बर्फात बसले.

छप्पर दुरुस्त करताना कुणीतरी धुरांडी वरून बंद केली होती, असं नंतर आलेल्या फायर ब्रिगेडच्या माणसाने सांगितलं. दोन घरांच्या धुरांड्यांमधल्या पातळ विटाही आतून ढासळल्या होत्या. कोळशाचा वायू आमच्या खोलीत भरला, आणि थोडा पलीकडे गेला. अलार्म वाजला तो म्हातारीचा.

हॉस्पिटलमधून परतल्यावर आईने आधी ड्रॉवर उघडला. अलार्म परत छताला लागला.

दुसऱ्या दिवशी फोडणीला तो बोंबलला. बाळ दचकून रडायला लागलं. आम्ही दोघी जागच्या हललो नाही, तिचं रडणं ऐकत राहिलो. भिंतीवर पलीकडून दोन थापा पडल्या. आईने हळदीच्या हाताने दोन थापा परत दिल्या, आणि भिंतीला कपाळ टेकून हुंदके देऊन रडली.