न मागितलेली निर्यात

अपिलाच्या पानावर पहिलीच चौकट होती: ‘माझ्याकडून नियमभंग झाला हे मला मान्य आहे.’ तिथे खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. प्राजक्ताने माऊस माझ्याकडे सरकवला. तिच्या सासूबाई, सिंधूबाई, स्क्रीन सोडून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“काय लिवलं आहे जी त्याच्यात?”

मी वाचून दाखवलं.

“आमी कोनता नियम मोडला?”

मी गडचिरोलीत जीएसटीची आणि ऑनलाइन विकणाऱ्यांची कामं करते. अकाउंट उघडून देणं, रिटर्न भरणं, कंपनीशी वाद झाला तर पत्रव्यवहार. सिंधूबाईंचा बचत गट कुरखेड्याच्या पुढच्या एका गावातला; तिथून बसने ही मंडळी माझ्या ऑफिसात आली होती. नवं धान कापलं की त्याच्या लोंब्या गुंफून दारावर तोरण बांधायची त्यांच्याकडे रीत. पाखरं येऊन दाणे टिपतात. गटातल्या बाया अशी तोरणं करून एका ऑनलाइन कंपनीवर विकतात. दिवाळीआधीचे काही आठवडे हाच त्यांचा सीझन. तो तोंडावर आला आणि अकाउंट बंद पडलं.

झालं होतं असं. गट आपला माल कंपनीच्या गोदामात पाठवून ठेवतो. ऑर्डर आली की पॅकिंग, कुरिअर सगळं कंपनी बघते. याला फुलफिलमेंट म्हणतात. उन्हाळ्यात कंपनीचा मेल आला: तुमचा माल आता परदेशी ग्राहकांनाही दिसेल, तुम्हाला या सोयीत सामील करून घेतलं आहे, तुम्हाला काहीही करायची गरज नाही. नको असल्यास सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, हे अगदी खाली, बारीक अक्षरात. गटाने तो मेल वाचला होता. प्राजक्ताने बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला होता. आपलं तोरण विमानात बसणार म्हणून बायांनी त्या दिवशी शिरा केला.

तोरण विमानात बसलं. उतरलं तिथे तपासणीत अडकलं. धानाची लोंबी म्हणजे जिवंत बी. बियांबरोबर कीड आणि रोग जातात, म्हणून दुसरा देश तपासणीच्या दाखल्याशिवाय बी आत घेत नाही. पार्सलवरच्या कागदात लिहिलं होतं, ‘सुक्या गवताची शोभेची वस्तू’. पाठवणारा म्हणून नाव गटाचं. तिथे त्यांनी तोरण जाळलं. इथे कंपनीने गटावर ‘खोटी माहिती दिली’ असा शेरा मारला आणि अकाउंट थांबवलं. गोदामातला मालही तिथेच अडकला.

“गवत कोनं लिवलं?” सिंधूबाईंनी विचारलं.

“मीच, आई,” प्राजक्ता म्हणाली. “माल कशाचा, ते यादीतून निवडा म्हणत होतं. यादीत धानच नव्हतं. बांबू होता, ज्यूट होता, सुकं गवत होतं. हेल्पलाइनवाला म्हणाला, जवळचं जे असेल ते टाका.”

“गवतच आहे म्हना,” मागच्या खुर्चीवरून महादेवभाऊ बोलले. हे सिंधूबाईंचे यजमान. “बैलाले विचारा.”

“तुमी चूप बसा जी,” सिंधूबाई म्हणाल्या.

मी कंपनीच्या अधिकाऱ्याला फोन लावला.

“मॅडम, चूक मान्य करा, पुढे काळजी घेऊ असं लिहा. दोन-चार दिवसांत अकाउंट सुरू. सगळे तेच करतात.”

“निर्यात सुरू करायला यांची परवानगी कधी घेतली?”

“मेल पाठवला होता ना.”

“त्यात लिहिलंय, काही करायची गरज नाही.”

“तो सिस्टिमचा मेल असतो, मॅडम.”

“आणि हा शेरा?”

“तोही सिस्टिमचाच.”

“मग मान्यही सिस्टिमलाच करू द्या.”

तो हसला. माणूस वाईट नव्हता. “सीझन हातचा जाईल बघा,” एवढं म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

फोन ठेवून मी दोन्ही रस्ते समोर मांडले. खूण केली तर अकाउंट दिवाळीआधी उघडेल, पण शेरा राहील. पुढे आणखी एखादा शेरा आला तर अकाउंट कायमचं जाऊ शकतं. खूण न करता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र पाठवता येतं. त्याचं उत्तर कधी येईल, काय येईल, मी सांगू शकत नाही. माझ्या कामात मी लोकांना सहसा पहिलाच रस्ता सांगते. त्या दिवशीही तोच सांगितला.

 महादेवभाऊ खुर्ची पुढे ओढून बसले.

“मॅडम, लय सालं झाली. आमच्या शेताच्या धुऱ्याले, बांधावर, सागाचं झाड होतं. तोडलं दुसऱ्यानं, फॉरेस्टवाले आले माह्या दारी. मले एक जन म्हने, भाऊ, कबूल करून टाक, दंड भर अन् घरी जा. मी केली सही, गेलो घरी. तेव्हापासून जंगलात कुऱ्हाड वाजली का पयले माहाच दरवाजा वाजते.”

ते हसत सांगत होते. सिंधूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माऊस उचलून बाजूला ठेवला.

“जे केलं ते लिवा. जे नाई केलं ते नोका लिवू.”

“दिवाळी जाईल, सिंधूबाई.”

“मालूम आहे जी. गावात बायाईले मलेच सांगा लागन.”

पत्र मी लगेच लिहायला घेतलं. ‘सुकं गवत’ आम्हीच निवडलं, हे सर्वांत आधी. यादीत धान नव्हतं, हे त्याखाली. निर्यात आम्ही मागितली नव्हती, सुरूही केली नव्हती, हे त्यानंतर. गवताचं कशाला सांगायचं, असं प्राजक्ताला वाटत होतं. आपलं सांगितल्याशिवाय त्यांना त्यांचं विचारता येत नाही, मी म्हटलं. मागणी एकच होती: शेरा काढा. पत्र पूर्ण झाल्यावर सेटिंग तपासलं. अकाउंट बंद होतं, पण परदेशी विक्रीचं बटण अजून चालूच होतं. ते प्राजक्ताने बंद केलं.

दिवाळी गेली. बायांनी नवी तोरणं कुरखेड्याच्या बाजारात मांडली. ज्या गावात घरोघरी धान, तिथे धानाचं तोरण विकत कोण घेणार? बहुतेक परत आली.

उत्तर आलं तुळशीचं लग्न झाल्यावर. शेरा काढला आहे, अकाउंट सुरू केलं आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. भरपाईचा शब्द नव्हता. काही दिवसांनी त्याच अधिकाऱ्याचा फोन आला. धान उष्णता देऊन निर्जीव केलं तर निर्यातीचं बघता येईल, म्हणाला. मी सिंधूबाईंना कळवलं.

“मेलेलं धान दारावर कोन बांधते?” त्यांनी विचारलं. तो विषय तिथेच संपला.

गोदामातून माल परत आला तेव्हा मी गावात गेले होते. खोक्यांच्या तळाशी दाणे झडून पडलेले. उरलेली तोरणं बायांनी शाळेच्या व्हरांड्यात, ग्रामपंचायतीच्या दारावर, बस थांब्याच्या पत्र्याखाली बांधून टाकली होती. पाखरांची चैन होती. एकीने दिवाळीच्या कमाईतून घ्यायचं म्हणून शिलाई मशीन ठरवून ठेवलं होतं, ते राहिलं. तिने सिंधूबाईंशी बोलणं सोडलं होतं. सिंधूबाई रोज तिच्या दारावरूनच पाण्याला जात.

तेव्हापासून नव्या क्लायंटला मी सांगते: ‘काही करायची गरज नाही’ असा मेल आला तर तो आधी उघडा आणि तळापर्यंत वाचा. नोटिशीला निदान उत्तर देता येतं. गप्प बसलेल्याचा होकार धरला जातो, आणि तो परत घेता घेता सीझन जातो.

या उन्हाळ्यात प्राजक्ताचा फोन आला.

“मॅडम, कंपनीचा मेल आहे. नवी योजना. आम्हाला घेतलंय म्हणे.”

“तुम्हाला काय करायचंय?”

“काहीच नाही म्हणतात.”

मागून सिंधूबाईंचा आवाज आला, “मंग चाल लवकर मॅडमकडे. बस चालली जाईन.”