दोराचं दुसरं टोक
पालघरच्या बाजारात नव्या दोराचा वास आला आणि बोईसरला फिटर होतो ते दिवस आठवले. तेव्हा वडिलांचा खांदा आखडला होता. तो मोकळा झाला नाही तर मासेमारीची होडी कायमची बंद. खांद्याच्या व्यायामासाठी मी दारावर कप्पी बसवली, तिच्यावरून दोर घेऊन दोन्ही टोकांना मुठी लावल्या. बऱ्या हाताने ओढलं की दुखरा हात वर जाणार, सैल सोडलं की खाली येणार. वडिलांनी ओढलं, पण सोडेनात. दुखरा हात वरच टांगलेला. "बाबा, सोड ना!" "जाल्याचा दोर सोडायचा नाय, दुसऱ्याच्या हातात द्यायचा. तू धर." मी बऱ्या हातातलं टोक धरलं आणि दुखरा हात वरखाली होऊ लागला. जोडणीत माझं काय चुकलं, तेव्हा कळेना. आता माझा खांदा आखडलाय. कप्पी घेतली, दोर घेतला. दुसरं टोक कोणाला द्यायचं, हेच सुचत नाही.