तेल-तिखट लावलेला उंबरा

एकोणतीस एप्रिल. दुपारचं काम एकच: दोन कारली किसून, पिळून, त्यांचा रस उंबऱ्याला लावणे.

सकाळची शाळा आटोपून मी साडेअकराला घरी आले होते. जळगावात या दिवसांत त्यानंतर रस्ता माणसांचा राहत नाही. सगळ्या गल्लीची दारं लोटलेली, कुलर सुरू, आणि बाहेर पांढरं ऊन नुसतं उभं. मी रस वाटीत घेतला, जुन्या फडक्याने उंबऱ्यावर फिरवला. तो लाकडात मुरलाच नाही. थेंब थेंब होऊन वर तरंगत राहिला, अळूच्या पानावर पाणी राहतं तसा. मी ते पाहिलं, पण त्याचा विचार केला नाही. घाई होती. उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती, संध्याकाळच्या गाडीने दोंडाईच्याहून घरमालकीण अक्का येणार होत्या, आणि त्यांच्या उंबऱ्याचं उजवं टोक माझ्या पिल्लाने खाल्लं होतं.

हे घर म्हणजे अक्कांचं माहेर. आईवडील गेले, भाऊ नव्हताच. मातीचं घर पाडून स्लॅबचं झालं, फरशी बदलली, खिडक्या बदलल्या. जुन्यातला फक्त दाराचा सागवानी उंबरा राहिला. सहा वर्षांपूर्वी मी घर बघायला आले तेव्हा अक्कांनी मला फारसं काही विचारलं नाही. उंबरा सांभाळायचा, उन्हाळ्यात त्याला जवसाचं तेल लावायचं, आणि आखाजीला मी येईन, एवढंच म्हणाल्या. आखाजीला खानदेशातल्या पोरी माहेरी येतात. अक्का भाडेकरणीकडे येतात. मी पुरण घालते, त्या आंबे आणि पितरांच्या घागरीवर ठेवायला खरबूज आणतात. सकाळी आंघोळ करून उंबऱ्यापाशी बसतात आणि कुंकवाचं एकेक बोट उमटवत आपल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन जेवायला बोलावतात. डावीकडे पणजोबांपासून सुरुवात, मग ओळीने सगळे, शेवटी उजव्या टोकाला आई. मी देवाधर्मातली बाई नाही, पण त्या वेळी पंखा बंद करून उभी राहते.

पिल्लू फेब्रुवारीत आलं. गल्लीच्या तोंडाशी शेवभाजीची खानावळ आहे, तिच्या चुलीमागे कुत्री व्याली होती. खानावळवाले भाऊ म्हणाले, ताई, एक घेऊन जा, एकट्या राहता. मी एकटी राहते म्हणून नाही, उंदीर झाले होते म्हणून आणलं. त्याने उंदरांकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी लाटण्याचं टोक खाल्लं, मग खुर्चीचा पाय, मग पाटाची कड. मार्चमध्ये त्याला उंबरा सापडला आणि बाकीचं सगळं त्याने सोडून दिलं.

जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हशी बघणारे, कुत्र्याला त्यांनी दोन मिनिटं दिली. म्हणाले, दात येताहेत, सातव्या महिन्यापर्यंत हिरड्या शिवशिवणार, त्याचा लाकडावर काही राग नाही. जुन्या टॉवेलच्या गाठी मारा, भिजवून बर्फाच्या कप्प्यात ठेवा, त्या चघळायला द्या. लाकडाला तोंड लावलं की ओरडू नका, मारू नका, लाकूड काढून गाठ पुढे करा. आणि दाराजवळ बांधू नका. मला ते फार लाडाचं वाटलं. तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला कुत्र्यापुढे थंडगार टॉवेल धरायला सांगतात, म्हणून मी घरी आले, पिल्लाला होतं तिथेच दाराशी बांधलं आणि माझ्या पद्धतीने सुरुवात केली.

माझी पद्धत म्हणजे आधी ओरडणं. त्याला वाटलं खेळ आहे. मग हिरव्या मिरचीचा ठेचा लावला. ठेचा वाळून पडू लागला, म्हणून तो जवसाच्या तेलात कालवून लावला. दातांचे ओरखडे भरून यावेत म्हणून दर शनिवारी वरून नुसतं जवसाचं तेलही चोपडलं. पिल्लू शिंकायचं, डोळ्यांतून पाणी काढायचं आणि पुन्हा उंबऱ्याला भिडायचं. दीड महिन्यात चार बोटं रुंदीचं टोक गेलं.

शेवटी मी ठरवलं. शाळेतल्या एका बाईंच्या दिराची रावेरला केळीची बाग आहे, तिथे मोटारीच्या खोलीवर राखणीला कुत्रं हवं होतं. साखळीला बांधू, म्हणाले. आखाजीच्या सकाळी सात वाजता त्यांचा रिकामा ट्रक जळगावहून निघणार होता. कारल्याचा रस ही शेवटची संधी होती, आणि ती पिल्लाला होती की मला, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

रस लावून मी कुलरसमोर आडवी झाले. मला स्वप्नं पडत नाहीत असं मी आजवर सांगत आले आहे. पण हे दोन महिने दुपारी डोळा लागला की पिल्लाच्या चावण्याचा आवाज झोपेत यायचा, कुरूकुरू, कुरूकुरू, आणि तिथे त्याचं दुसरंच काही व्हायचं. कधी फळ्यावर खडू चालायचा आणि काय लिहिलंय ते वाचता यायचं नाही. कधी पिंपळनेरला, माझ्या लहानपणच्या घराशेजारी, सुतार रंधा मारत असायचा आणि लाकडाच्या पांढऱ्या कुरळ्या पट्ट्या माझ्या पायांवर येऊन साठायच्या, गुडघ्यापर्यंत, ऊबदार. त्या दुपारी उंबरा लांबच लांब झालेला दिसला, गिरणेच्या कोरड्या पात्रात आडवा पडलेला. त्यावर माणसं ओळीने बसली होती, पाय वाळूत सोडून, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एस.टी.ची वाट बघावी तशी बसली होती. टोकाला एक बाई उभी होती. तिला जागा नव्हती. ती तक्रार करत नव्हती, पदराने वारा घेत नुसती उभी होती. मी तिला खुर्ची आणायला उठले आणि खरीच उठले. पिल्लू उंबऱ्यावर हनुवटी टेकून, डोळे अर्धे मिटून, कारल्याचे थेंब चाटत खालचं लाकूड चावत होतं.

सहाच्या सुमाराला अक्का आल्या. हातात आंब्यांची पिशवी, काखेत खरबूज. उंबऱ्यावर ओलं पोतं टाकून ठेवावं असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. ते मी केलं नाही. त्यांनी चप्पल काढायच्या आधीच मी सांगून टाकलं की उंबरा कुत्र्याने खाल्ला, चूक माझी आहे, कुत्रं उद्या सातला जातंय, आणि तुम्ही म्हणाल तर मीही महिन्याभरात घर सोडते.

अक्कांनी पिशवी माझ्या हातात दिली. गुडघ्यावर हात ठेवत खाली बसल्या आणि उंबऱ्यावरून बोट फिरवत डावीकडून उजवीकडे गेल्या. टोकाशी बोट थांबलं.

"हाई मना मायनी जागा," त्या म्हणाल्या.

ही माझ्या आईची जागा. पिल्लू त्यांच्या पदराचा वास घेत होतं. त्यांनी त्याला हाकललं नाही, जवळही घेतलं नाही. जरा वेळाने बोट नाकाशी नेलं, पुन्हा नेलं, आणि माझ्याकडे वर पाहिलं. जवसाचं तेल का? हो म्हटलं. किती वेळा? दर शनिवारी. आणि हा वास कसला? ठेचा, म्हटलं. तेलात कालवून.

अक्कांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या.

"तेल-तिखट लाईसन उंबरा वाढी दिधा तू त्याले," त्या म्हणाल्या. "फक्त भाकर ऱ्हायनी. बठ्ठा पोऱ्यास्ले शिकाडस, एक कुत्रं नही शिकाडता ऊनं?"

सगळ्या पोरांना शिकवतेस, एक कुत्रं शिकवता आलं नाही? तेव्हा मला तेलाच्या थरावर तरंगणारे कारल्याच्या रसाचे ते थेंब आठवले. खानावळीच्या चुलीमागे जन्मलेलं, आईच्या दुधाबरोबर रश्शाचा वास प्यायलेलं पिल्लू, आणि मी त्याला दीड महिना रोज तेलातला ठेचा घालत होते. विज्ञान शिकवणारी बाई मी. मी तसं म्हटलंही. अक्का म्हणाल्या, विज्ञान राहू दे, आधी चहा टाक.

चहा पिताना मी ट्रकची आठवण करून दिली. सामानात त्याचं ताट देऊ की नको, असं विचारलं. अक्कांनी बशी खाली ठेवली. त्यांचं म्हणणं असं, की आखाजीला माणूस घरी येतं. सासरची सुटलेली पोर येते, मेलेलं माणूससुद्धा बोलावल्यावर येतं. त्या दिवशी घरातून कुणाला काढून देत नाहीत, कुत्र्यालासुद्धा नाही. पुढच्या आखाजीला येईन तेव्हा याचे दात आणि माझा उंबरा दोन्ही तपासीन, म्हणाल्या.

"पण तुमच्या आईची जागा," मी म्हटलं.

अक्कांनी खाल्लेल्या टोकाकडे पाहिलं. तिन्हीसांजेचं तांबूस ऊन उंबऱ्यावरून आत आलं होतं आणि त्यात दातांच्या खाचा सावलीने भरल्या होत्या.

"सरकी बशीन माय," त्या म्हणाल्या. "गर्दीमा बसानी सवय शे तिले."

सरकून बसेल आई. दुपारचं स्वप्न मी त्यांना सांगितलं नाही. उठले आणि जुना टॉवेल फाडून चार गाठी मारल्या, भिजवल्या, बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या.

सकाळी सहाला ट्रकवाल्याला फोन करून कुत्रं येत नाही असं सांगितलं. पिल्लाला दारापासून सोडून मागे मोरीच्या कडीला बांधलं आणि पहिली गाठ दिली. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून उंबरा तीन वेळा घासला, वर टाकलेलं पाणी थेंब न होता पसरेपर्यंत. पंखा लावून वाळवला. मग अक्का बसल्या आणि मी पंखा बंद केला. या वर्षी त्यांची बोटं जवळजवळ पडली. पणजोबा, पणजी, आजोबा, सगळे खेटून. आईचं बोट दातांच्या खाचांच्या अलीकडे, चांगल्या लाकडावर बसलं. मागे पिल्लू गाठ कडाकडा चावत होतं. ते कंटाळून लाकडाच्या शोधात उठलं तेव्हा मी काही न बोलता दुसरी गाठ पुढे केली, आणि ते पुन्हा खाली बसलं.

मग काचपेपर घेतला आणि कुंकवाला धक्का न लावता खाल्लेलं टोक घासून गुळगुळीत केलं. कुसळं राहिली असती तर त्याच्या जिभेला टोचली असती. भुसा झाडून बाहेर टाकला, हात धुतले, आणि पुरणाची डाळ शिजायला ठेवली.