भाकरीच्या डब्याला ब्रेक

लग्नाची ऑर्डर उरकली की आमच्या अंगणात दोन ढीग पडतात. एक खरकट्या परातींचा आणि दुसरा किस्स्यांचा. पराती दुसऱ्या दिवशी घासून होतात. किस्से मात्र साठतच जातात, कारण आमच्या घरी प्रत्येक किस्सा एकाच वाक्याने संपवतात, "काय झालं का? न्हाय ना? मग!" पाहुणे हसतात. मीही हसते. आणि हसून झाल्यावर मला इतका राग येतो, की विचारू नका!

आधी ओळख करून देते. सासरच्यांचा सोलापुरात भाकरीचा धंदा. लग्न असो, वास्तुशांत असो, जागेवर जाऊन गरम भाकरी थापून द्यायची. त्यासाठी दोन चाकांचा एक ट्रेलर बनवून घेतलाय. तवे, शेगड्या, सिलिंडर, पिठाची पोती, पाण्याची टाकी, सगळं त्यात. घरात त्याला 'डबा' म्हणतात. डबा ओढते आमची एसयूव्ही. ती चालवतो माझा दीर, सागर. त्याच्या शेजारी सासरे, म्हणजे अप्पा. मागच्या सीटवर नवरा महेश, मी आणि आमची तीन वर्षांची परी. परीची पाठ आणि तो डबा यांच्यामध्ये काय? डिकीचा दरवाजा. बस्स.

मी घाबरट आहे, हे घरात सगळ्यांना मान्य आहे. मलाही.

*

डबा बनवताना सिद्राम मिस्त्रींच्या शेडमध्ये आमचं सगळं खानदान जमलेलं. रंग कुठला, पाटीवर एलईडी कुठल्या रंगाचे, हॉर्न साधा की म्युझिकल, यावर दोनदा चहा झाला. मी हळूच विचारलं, "मिस्त्री, याला ब्रेक कुठेय?"

"ब्रेक गाडीला हाय की वहिनी!"

"हो, पण डब्याला?"

"डबा गाडीला जोडलाय. गाडी थांबली की त्यो एकटा कुटं जातोय?"

सगळे हसले. मी फिजिक्सची पदवीधर. जडत्वाचा धडा मुलांच्या डोक्यात बसेपर्यंत ट्यूशनमध्ये घोटून घेणारी बाई. आणि मिस्त्रींचा तो आत्मविश्वास बघून क्षणभर मलाही वाटलं, खरंच की, कुठे जाईल?

*

कुठे जातो, ते पहिल्याच ऑर्डरला कळलं. उड्डाणपुलाचा उतार, खाली लाल सिग्नल. सागरने ब्रेक दाबला. गाडी थांबायला लागली आणि मागून डब्याने असा काही धक्का दिला, की आम्ही झेब्रा क्रॉसिंग ओलांडून थेट चौकाच्या मध्यभागी! परीच्या हातातलं बिस्किट पुढच्या काचेवर जाऊन आपटलं.

हवालदार शिट्टी वाजवत आले. "ओ, लाल दिसत न्हाय का? पुढं कशाला आला?"

"आमी न्हाय आलो साहेब," सागर म्हणाला. "मागच्यानं ढकललं!"

हवालदार तावातावाने मागे बघायला गेले. "कुणाची गाडी हाय ही?"

"आमचीच!"

हा किस्सा सागर आजही सांगतो, टाळ्या घेतो. मी तेव्हा परीचा बेल्ट सोडवून, तिला कडेवर घेऊन भर चौकात उतरले होते. ते मात्र तो कधी सांगत नाही.

*

आता तुम्ही म्हणाल, डब्यात एवढं वजन कशाचं? पाण्याचं! अप्पांचा नियमच आहे, भाकरी आपल्या घरच्या बोअरच्या पाण्यातच मळायची. परक्या पाण्याची भाकरी फुगत नाही, कडेला तडकते. म्हणून हजार लिटरची टाकी घरून काठोकाठ भरून न्यायची. हजार लिटर म्हणजे एक टन. म्हणजे आमच्या मागून एक टन पाणी धावत असतं, पाणी असलेल्या गावाकडे!

"अप्पा, पाणी तिथे भरूया ना."

"स्नेहल, पाणी बदललं की भाकरी बदलती."

"मग ब्रेक तरी लावूया."

"ब्रेकनं भाकरी फुगती का?"

महेशने मधला मार्ग काढला. नवऱ्यांना मधला मार्ग फार आवडतो. टाकी अर्धीच भरायची. झालं! अर्ध्या टाकीत पाण्याला हिंदकळायला जागा मिळाली. आता ब्रेक दाबला की एक धक्का डब्याचा आणि मागोमाग दुसरा पाण्याचा. परीला वाटलं, खेळच चाललाय. प्रत्येक धक्क्याला ती ओरडायची, "अजून एकदा!"

*

उभ्या डब्यालासुद्धा ब्रेक नव्हता. तिथे कामाला यायचा दगड. चांगला गुळगुळीत, काळा, चाकाखाली बरोबर बसणारा. सागरने तो होटगीकडच्या शेतातून निवडून आणला होता. खंडेनवमीला गाडीची पूजा झाली तेव्हा दगडालाही हळदीकुंकू वाहिलं. का नाही? अवजारच ते!

अक्कलकोटच्या एका ऑर्डरनंतर सागर दगड तिथेच विसरला. घरी आल्यावर डबा गाडीपासून सोडला तेव्हा लक्षात आलं, तोवर तो आमच्याच उतरत्या अंगणातून निघून शेजारच्यांच्या तुळशीपर्यंत जाऊन पोचला होता. परी तेव्हा माझ्या कडेवर होती. कडेवर होती म्हणून!

दोन दिवसांनी यजमानांचा फोन आला. अत्यंत नम्र आवाज. "तुमचा देव इकडं राहिलाय. आमी रोज दिवा लावतोय, पण आमच्या आई म्हणतात, दुसऱ्याचा देव जास्त दिवस ठेवू नये. कधी नेताय?"

सागर नारळ घेऊन गेला आणि आमचा दगडी ब्रेक घेऊन आला.

*

तुळशीच्या त्या प्रकारानंतर मी भांडले. चांगली भांडले. मी आधी बरेच व्हिडिओ बघून ठेवले होते. परदेशातले दाढीवाले काका ट्रेलरला ब्रेक कसा निवडावा ते समजावतात. त्यांच्या मागे होडी असते, माझ्या मागे भाकऱ्या. पण धक्का तोच! मी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं. एक असतो धक्क्याचा ब्रेक. डबा गाडीला ढकलायला लागला की त्याच धक्क्याने डब्याच्या चाकांचा ब्रेक लागतो. दुसरा विजेवरचा. ड्रायव्हरजवळ एक छोटी डबी असते, वजनाप्रमाणे जोर कमी-जास्त करता येतो, आणि डबा हेलकावे खायला लागला तर नुसत्या डब्याचाच ब्रेक लावता येतो. मला विजेवरचा हवा होता.

"त्या डबीवर लाइट असतो का?" सागर.

"वायरी उंदरं खात्यात," अप्पा.

"सीझन संपू दे, मग बघू," महेश.

आणि पुढच्याच आठवड्यात गाडीला काय बसलं? मागचं दाखवणारा कॅमेरा! महेश कौतुकाने म्हणाला, "बघ, आता डबा सारखा डोळ्यांसमोर!"

म्हणजे जे आदळणार, ते आधी स्क्रीनवर बघून घ्यायचं! मी जेवण वाढलं नाही त्या दिवशी. भाकरीवाल्यांच्या घरात सगळ्यांनी ब्रेड खाल्ला.

*

ब्रेडचा परिणाम म्हणून ब्रेक आला. धक्क्याचा. मीही म्हटलं, ठीक आहे, नसण्यापेक्षा बरा. आपणच फार ताणतो की काय, असंही वाटलं. मला असं फार पटकन वाटतं.

या ब्रेकची एक खोड आहे. गाडी मागे घेतली की डबा पुन्हा गाडीवर रेलतो आणि ब्रेक लागून बसतो. म्हणून मागे घेताना उतरायचं, जोडाशी एक पिन घालून ब्रेक बंद करायचा, आणि झालं की पिन काढायची. एवढंच. पहिल्याच ऑर्डरला सागर पिन विसरला आणि आमच्या डब्यामुळे नवरदेवाची वरात बोळात अडकली. घोडासुद्धा कंटाळला!

त्यानंतर मात्र कुठेच काही अडेना. सागर झोकात मागे घ्यायचा, झोकात निघायचा. मला बरं वाटत होतं. मग एकदा परीचा चेंडू डब्याखाली गेला, म्हणून मी वाकले. पिन आतच. नुसती आत नाही, बाइंडिंग वायरने गच्च आवळून बांधलेली!

"सागर, हे काय?"

"सारखं कोण उतरणार वहिनी? ब्रेक चालू ठिवला की गाडी मागं जात न्हाय!"

"आणि पुढे जाताना?"

"पुढं जाताना ब्रेक कशाला लागतोय?"

महेश हसला. तो हसला, तिथे माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "ती वायर निघेपर्यंत परी या गाडीत बसणार नाही. मी आणि परी एसटीने येऊ."

"घरची एसयूव्ही असताना एसटी!" महेश म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

अप्पा तर इतके दुखावले की माझ्याकडे बघेनात. "आमी काय येडे म्हणून बसतोय व्हय त्यात?"

*

पुढची ऑर्डर मंगळवेढ्याची. सकाळी सोलापूरच्या स्टँडवर मी परीला घेऊन पोचले. मनात धाकधूक, आपण नसता तमाशा तर केला नाही ना? बसमध्ये ही गर्दी. तेवढ्यात मागच्या बाकावरून हाक आली, "परे, हितं!"

अप्पा! खिडकीतून रुमाल टाकून तीन जागा धरून बसले होते.

"अप्पा, तुम्ही? गाडी?"

"गाडीत एसी लई लागतो मला," अप्पा म्हणाले आणि परीला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघायला लागले.

बस शहराबाहेर पडली. थोड्या वेळाने मागून ओळखीचा म्युझिकल हॉर्न ऐकू आला. मागच्या काचेतून बघितलं तर आमची एसयूव्ही बसला अगदी चिकटून, आणि तिच्या मागे डुलत येणारा डबा. टाकी पुन्हा काठोकाठ, पिनची वायर तशीच. सागर हात हलवत होता, शेजारी महेश हसत होता. परी काचेवर थापा मारून ओरडली, "काका! पप्पा!"

अप्पांनी एकदा मागे बघितलं. परीला माझ्या मांडीवर दिलं. मग दांड्या पकडत, लोकांचे पाय तुडवत थेट ड्रायव्हरपर्यंत गेले.

"ओ ड्रायव्हरसाहेब," अप्पा म्हणाले, "ती मागं भाकरीची गाडी हाय न्हवं, तिला आदी पुढं जाऊ द्या की!"